जुन्या हार्डडिस्कवरून कॉपी सारखी अडकते? आधी ती कुठे अडकते ते लिहून ठेवा

"काल बासष्ट टक्क्यांवर थांबली, आज अकरावरच थांबली. हार्डडिस्क गेली म्हणायची का?"

गोव्यात फोंड्याच्या आसपास मी बरीच वर्षं लोकांचे कॉम्प्युटर बघून देतो. हल्ली हा प्रश्न जितक्या वेळा कानावर येतो तितका दुसरा कुठलाच येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून घराघरांत नवे लॅपटॉप आले. नवा आला की जुना आठवतो, आणि जुन्याच्या मागोमाग माळ्यावरचा त्याहून जुना डेस्कटॉपचा डबाही खाली उतरतो. या शतकाच्या सुरुवातीला सायबरएज योजनेतून गोव्यात अकरावी-बारावीच्या मुलांना कॉम्प्युटर मिळाले होते. ती मुलं आता चाळिशीला टेकली, पण त्यातले काही डबे अजून घरात आहेत.

आत काय असतं? मुंजीचे, लग्नाचे फोटो. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्याचा स्कॅन. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सनद. कधी घरातल्या गेलेल्या माणसाचा आवाज. याची दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेच नसते. म्हणून कॉपी अडकली की माणूस घाबरतो, आणि घाबरून जे बटण समोर येईल ते दाबतो. नुकसान तिथे होतं.

कॉपी अडकण्याची कारणं पाच-सहा आहेत आणि बाहेरून ती सगळी सारखीच दिसतात. हिरवी पट्टी थांबते, एवढंच. वेगळी ओळखायची तर एकच युक्ती मला आजवर उपयोगी पडली आहे : कागद आणि पेन घेऊन बसायचं. किती वाजता सुरू केली, किती वाजता थांबली, कुठल्या फाइलवर थांबली, आवाज काय आला. दोन-तीन वेळा लिहिलं की नोंदच बोलायला लागते. दर वेळी वेगळ्याच फाइलवर थांबत असेल तर दोष बहुधा हार्डडिस्कच्या बाहेर आहे, म्हणजे केबल, अडॅप्टर, वीज. दर वेळी त्याच फाइलवर थांबत असेल तर बहुधा ती जागा खराब झाली आहे. फाइल कुठलीही असो, पण दर वेळी साधारण तेवढ्याच मिनिटांनी थांबत असेल तर मशीन झोपतंय किंवा ड्राइव्ह तापतेय. आणि परवानगीचा निरोप येत असेल तर यंत्रात काही बिघाडच नाही.

मे महिन्यात आमच्या वाड्यावरच्या मास्तरांची ड्राइव्ह आली, तिने मला यातलं जवळजवळ सगळं एकाच वेळी दाखवलं. ती हकीकत सांगतो.

मास्तर पंचाहत्तरीचे. देवळाच्या उत्सवातली नाटकं गेली चाळीस वर्षं तेच बसवतात. २००७ साली घेतलेला डबा, त्यात १६० जीबीची साटा, म्हणजे अरुंद केबलच्या जोडणीची ड्राइव्ह, विंडोज एक्सपी. डबा उघडला तर पंख्यावर चिऱ्याची लाल धूळ जाड बसलेली, स्क्रूंना हिरवा गंज, आणि पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात पालीची दोन अंडी. एका दुकानात त्यांना सांगितलं होतं, फॉरमॅट करावी लागेल. नशिबाने ते "विचार करून सांगतो" म्हणून परत आले.

"बाबा, वह्या वाळवीने खाल्ल्या," मास्तर म्हणाले. "आता जे आहे ते याच्यात आहे. एक पान गेलं तरी मला पुन्हा लिहायला जमणार नाही."

"मास्तर, आज फक्त बघतो. हात लावत नाही."

खरं तर पहिलं पाऊल तेच आहे. असा जुना डबा विजेला लावून चालतो का ते बघायची घाई करू नका. ज्या मशीनमध्ये चार पावसाळ्यांची ओल मुरली आहे त्याचा पॉवर सप्लाय पेटताना काय करेल सांगता येत नाही. ड्राइव्ह बाहेर काढा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, किनाऱ्याजवळ हवेत मीठही असतं, त्यामुळे सोनेरी दिसायला हवेत ते संपर्क काळपट पडलेले असतात. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसायचे, आणि ड्राइव्ह सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात एक दिवस ठेवायची. ड्राइव्हचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही. आतली तबकडी आणि तिच्यावरून फिरणारा हेड यांच्यातली जागा केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असते, धुळीचा एक कण पुरतो.

मग यूएसबीला जोडणारा अडॅप्टर. लॅपटॉपची अडीच इंची ड्राइव्ह पाच व्होल्टवर चालते, ती यूएसबीवरूनच वीज घेते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची ड्राइव्हला बारा व्होल्टही लागतात, म्हणून तिच्या अडॅप्टरबरोबर वेगळा चार्जर असायलाच हवा. सायबरएजच्या काळातल्या डब्यांत साटा नसते, चाळीस पिनांची रुंद पट्टीची आयडीई असते. तिच्यासाठी दोन्ही चालणारा अडॅप्टर मिळतो, पण मागे जंपर नावाची छोटी टोपी असते ती ‘मास्टर’ जागेवर आहे का बघा. ती चुकीच्या जागी असली की ड्राइव्ह फिरते, आवाज येतो, आणि कॉम्प्युटरला मात्र दिसत नाही. जंपरच्या जागा ड्राइव्हच्या लेबलवरच छापलेल्या असतात.

मास्तरांच्या ड्राइव्हची माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे :

"७:४० सुरू. ७:५२ टुन-टुन, ड्राइव्ह गायब. नांदी-तालीम-३. ८:०५ पुन्हा सुरू. ८:०९ गायब. फोटो २००९. ८:२० सुरू. ८:४१ गायब. वेगळीच फाइल."

वेळ वेगळी, फाइल वेगळी, आणि दर वेळी विंडोजचा तो यूएसबी निघाल्याचा टुन-टुन आवाज. ड्राइव्हने वाचायला नकार दिला नव्हता, तिची वीजच तुटत होती. अडॅप्टरच्या चार्जरची पिन हाताने हलवली आणि ड्राइव्ह बंद पडली. दुसरा अडॅप्टर आणला, आखूड केबल घेतली, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावली. टुन-टुन थांबलं.

अडीच इंची ड्राइव्हला हा त्रास जास्त होतो. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००, आणि काही ड्राइव्हना फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त लागतं. लांब केबल, स्वस्त हब, ढिला पोर्ट यांतलं एक जरी असलं तरी ड्राइव्ह मधेच मान टाकते. निळा यूएसबी ३ पोर्ट वापरा, हब काढा. निम्मे लोक इथेच मोकळे होतात.

ठरावीक वेळाने थांबणाऱ्यांसाठीही इथेच दोन ओळी. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन स्लीप ‘नेव्हर’ करा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, लॅपटॉपचं झाकण उघडं ठेवा. आणि ड्राइव्ह गादीवर, सोफ्यावर ठेवू नका. फरशीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवून टेबलफॅनचा वारा सोडा. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत ती हाताला चटका बसेल इतकी तापते.

पाऊस सुरू झाल्यावर वीज किती वेळा जाते ते आपण जाणतो. लॅपटॉपला बॅटरी असते, पण साडेतीन इंची ड्राइव्हचा चार्जर भिंतीतल्या प्लगवर असतो. तो यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि ढग गडगडायला लागले की काम थांबवून प्लग काढा.

नवा अडॅप्टर लावल्यावर मला एक गोष्ट कळली, जी पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट मिळणारं साधन आहे, ते ड्राइव्हच्या आतल्या स्मार्ट नोंदी, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्याच तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी, वाचतं. पहिल्या अडॅप्टरमधून त्या नोंदी पुढे येतच नव्हत्या. नव्यातून आल्या, आणि रंग निळा, म्हणजे ठीक, नव्हता. पिवळा, म्हणजे सावध, होता. सी५ या ओळीत, म्हणजे वाचायला अडखळणाऱ्या सेक्टरांच्या (तबकडीवरच्या छोट्या कप्प्यांच्या) संख्येत, १८ दिसत होतं. हे आकडे मुळात हेक्स, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटाने मोजायच्या पद्धतीत दिसतात, त्यामुळे १८ म्हणजे आपले २४. एक सेक्टर ५१२ बाइटचा, तेव्हा २४ सेक्टर म्हणजे १२ किलोबाइट. १६० जीबीमधले १२ किलोबाइट. वाईट आहे, पण मरणपंथाला लागलेली ड्राइव्ह नव्हे. ०५ आणि सी६ या दोन ओळीही बघायच्या. हे आकडे आज एक आणि उद्या त्याहून मोठे असं होत असेल तर मात्र हातात वेळ थोडा आहे.

पिवळा दिसला त्या क्षणापासून माझा एकच नियम : या ड्राइव्हवर आता काहीही लिहायचं नाही. फक्त वाचायचं.

हा नियम पाळणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण विंडोज स्वतःच लिहायला लावतं. ‘ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा निरोप आला तर ‘कॅन्सल’. डिस्क मॅनेजमेंट ‘इनिशियलाइझ’ करू का विचारेल, ‘कॅन्सल’. ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारेल, तेही नको. चेकडिस्क चांगल्या ड्राइव्हवर उपयोगी पडतं, पण आजारी ड्राइव्हवर ते फोल्डरांची मांडणी दुरुस्त करण्याच्या नादात फाइलींची नावं तोडून ‘फाउंड’ फोल्डरमध्ये तुकडे टाकतं. ते चालवायचंच असेल तर सगळं बाहेर काढल्यानंतर. आणि ‘कट’ करून ‘पेस्ट’ कधीच नाही, नेहमी ‘कॉपी’.

दुसऱ्या दिवशी ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ उघडायला गेलो आणि निरोप आला, या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला सध्या परवानगी नाही. मास्तर शेजारी बसले होते. "म्हणजे माझ्याच खोलीला मला कुलूप?" त्यांनी विचारलं. तसंच काहीसं. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, आतल्या एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं. दोन्ही मशीनवर तुमचं नाव एकच असलं तरी तो क्रमांक वेगळा असतो, म्हणून जुन्या घरात तुम्ही परके ठरता. ‘कंटिन्यू’ दाबलं तर दार उघडतं, निरोगी ड्राइव्हवर खुशाल दाबा. पण ते बटण जुन्या ड्राइव्हवरच्या हरेक फाइलीची परवानगी बदलून लिहीत सुटतं. हजारो फाइली, हजारो लहान लिखाणं. पिवळ्या ड्राइव्हला ते परवडत नाही.

यावर विंडोजमध्येच असलेलं रोबोकॉपी हे उत्तम हत्यार आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडायचा, रोबोकॉपी लिहायचं, मग जुन्या फोल्डरचा पत्ता, मग नव्याचा, दोन्ही अवतरण चिन्हांत, आणि पुढे काही स्लॅशवाली अक्षरं. अक्षरं अर्थात इंग्रजीतच टाइप करायची. स्लॅश ई म्हणजे आतले सगळे फोल्डर घ्या. स्लॅश बी म्हणजे बॅकअपच्या अधिकाराने वाचा, परवानग्या न बदलता. याच अक्षराने माझं काम झालं. स्लॅश एक्सजे हवंच, नाहीतर व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन डेटा’सारखे जे नुसते दिशादर्शक फोल्डर असतात त्यांच्या मागे लागून कॉपी गोल गोल फिरत राहते. आणि स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १ : फाइल वाचता आली नाही तर एकदाच पुन्हा प्रयत्न कर, एक सेकंद थांब आणि पुढे जा. हे सांगितलं नाही तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. एका फाइलीवर जवळजवळ वर्ष. "रोबोकॉपी हँग झालं" म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

आणखी एक चकवा आहे. अख्खी ड्राइव्ह मुळापासून कॉपी केली की नवा फोल्डर कधी कधी दिसेनासा होतो. जागा भरलेली दिसते, फोल्डर नाही. तो गेलेला नसतो. ड्राइव्हच्या मुळाचे ‘लपलेला’ आणि ‘सिस्टिम’ हे दोन शिक्के त्याला चिकटलेले असतात. अ‍ॅट्रिब या कमांडने, उणे एच आणि उणे एस देऊन, ते काढता येतात.

नव्या फोल्डरचं नाव लहान ठेवा. डी ड्राइव्हवर नुसतं ‘जुना’. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीला २६० अक्षरांपलीकडचा पत्ता पचत नाही, आणि ‘माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं’ अशा फोल्डरात आधीच लांब नावांचे फोल्डर टाकले की ती मर्यादा ओलांडली जाते. आपण मात्र ड्राइव्हला दोष देत बसतो. पेनड्राइव्हमधून नेत असाल आणि मोठा व्हिडिओ ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणत अडत असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ आहे. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, कितीही रिकामी असो. ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पेनड्राइव्ह, जुनी ड्राइव्ह नव्हे. दाबण्याआधी अक्षर दोनदा वाचा.

मी आधी फक्त ‘नाटक’ हा फोल्डर काढला. सगळ्यात मौल्यवान ते सगळ्यात आधी, कारण ही ड्राइव्ह दुसऱ्यांदा फिरेल याची हमी नसते. मग चाली, मग फोटो. चालींमध्ये तीन फाइलींवर ती अडकली, पुन्हा लावली तरी त्याच तीन, ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ हा निरोप, म्हणजे तिथली माहिती धड वाचता येत नाही. वहीत तीच नावं दोनदा आली. केबल, वीज, परवानगी हे सगळं बाजूला झाल्यावर उरलेला खरा आजार हाच होता.

इथे विंडोज सोडायचं आणि लिनक्सकडे जायचं. उबंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करता येतं, काहीही बसवावं लागत नाही. त्यात डीडीरेस्क्यू हे साधन घ्यायचं, उबंटूच्या पॅकेजांत ते जीडीडीरेस्क्यू या नावाने सापडतं. ते फाइली बघत नाही, ड्राइव्हचा पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत ठसा घेतं. शहाणपण असं की आधी ते चांगला भाग भराभर उचलून घेतं, खराब जागा ओलांडून जातं, आणि मग सावकाश त्या जागांकडे परत येतं. कुठे काय राहिलं याचा नकाशा एका छोट्या फाइलीत ठेवतं. त्यामुळे वीज गेली, ड्राइव्ह तापली, तुम्ही जेवायला उठलात, काहीही झालं तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम तिथून पुढे सुरू होतं. ठसा ठेवायला मात्र अख्ख्या जुन्या ड्राइव्हएवढी रिकामी जागा लागते. कमांड देण्याआधी एलएसबीएलके लिहून कुठली ड्राइव्ह कुठली ते आकारावरून नक्की करा. आधी जुनीचं नाव, मग ठशाच्या फाइलीचं, मग नकाशाचं. पहिली दोन उलटी झाली तर जे वाचवायचं तेच पुसलं जाईल. मी ही ओळ कागदावर लिहून, बोट ठेवून वाचतो आणि मगच एंटर दाबतो.

मास्तरांच्या ड्राइव्हचा चांगला भाग दुपारपर्यंत उतरला. उरलेल्या कणाएवढ्या जागेला रात्रभर लागलं. सकाळी नकाशा पाहिला तर सहा सेक्टर वाचलेच नव्हते, तीन किलोबाइट. ठशाची फाइल सेव्हन-झिपमध्ये उघडते, त्यातून हवं ते बाहेर काढता येतं. चालींच्या तीनही फाइली आल्या. एका फाइलीत पेटीच्या सुरावटीत क्षणभर खरखर येते आणि सूर पुन्हा चालू होतो. २००९ चा एक फोटो अर्ध्यापासून खाली करडा झाला आहे. बाकी सगळं जागेवर.

ड्राइव्ह टक्-टक् असा लयीत आवाज करत असेल, किंवा खरवडल्यासारखा, तर हे काहीही करू नका. हेड आपटतोय. दर मिनिटाला तबकडी आणखी घासली जाते. वीज काढा आणि स्वच्छ खोलीत ड्राइव्ह उघडून माहिती काढणाऱ्यांकडे न्या. खर्च बराच असतो, आधी विचारून घ्या. फ्रीजरमध्ये ठेवली की चालते असं अजून लोक सांगतात. आपल्या दमट हवेत फ्रीजरमधून काढलेल्या वस्तूवर मिनिटभरात पाणी सुटतं, आणि तेच पाणी आतही सुटू शकतं.

फाइली आल्या म्हणून मी मास्तरांना बोलावलं. त्यांनी नव्या लॅपटॉपवर पहिलं नाटक उघडलं आणि चेहरा उतरला. पानभर डोक्यावर टिंबं असलेली, शेपट्या फुटलेली रोमन अक्षरं. त्यांना वाटलं, गेलं.

गेलं नव्हतं. २००७ साली ते आयएसएममध्ये टाइप करत होते. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम ही सगळी युनिकोडच्या आधीची व्यवस्था. त्यात फाइलीत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं, रोमन अक्षराच्या जागेवरचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाला देवनागरीचं रूप फॉन्ट देतो. फॉन्ट नाही तर मराठी नाही. म्हणून मराठी माणसाची जुनी ड्राइव्ह उतरवताना विंडोज फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ फोल्डर आणि त्यातल्या टीटीएफ फाइली आठवणीने घ्या. मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, पेजमेकरमधली कामं, सगळ्यांचा जीव त्यात असतो. मास्तरांच्या ठशातून तो फॉन्ट काढला, लॅपटॉपवर बसवला, फाइल बंद करून पुन्हा उघडली. नांदी दिसली. मास्तरांनी पडद्याजवळ वाकून पहिल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या आणि मग काही बोलले नाहीत.

एवढ्यावर थांबू नका. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, कुठल्या फॉन्टमधून बदलायचं ते नीट निवडा. ती रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं इथे चुकतात, कारण जुन्या फॉन्टात ही चिन्हं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने बसवलेली असत, बोलण्याच्या क्रमाने नव्हे. ‘मूर्ती’ आणि ‘कीर्ती’ असे शब्द शोधून बघा, चूक असेल तर तिथे लगेच सापडते. मूळ फाइल तशीच ठेवा, बदललेली वेगळ्या नावाने. मास्तरांची नात आता रोज एक प्रवेश तपासते.

अलीकडच्या लॅपटॉपची ड्राइव्ह असेल तर आणखी दोन अडथळे येतात. बिटलॉकर चालू असेल तर ती बाहेर काढल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, तेव्हा जुना लॅपटॉप चालू आहे तोवरच खात्यात शिरून ती कागदावर उतरवा. त्या कीशिवाय मीच काय, कोणीही काही करू शकत नाही. दुसरा अडथळा वनड्राइव्हचा. फाइलीवर ढगाचं चिन्ह असेल तर ती ड्राइव्हवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. ती खात्यातूनच उतरवावी लागेल.

कॉपी संपली की तपासणी. दोन्हीकडे फोल्डरवर उजवी क्लिक करून फाइलींची संख्या आणि ‘साइझ’ जुळवा. ‘साइझ ऑन डिस्क’ जुळणार नाही, त्याची काळजी नको. रोबोकॉपी तेच शब्द देऊन पुन्हा चालवलं आणि शेवटच्या तक्त्यात ‘कॉपिड’ व ‘फेल्ड’ दोन्हीखाली शून्य आलं तर काही राहिलेलं नाही. त्यानंतरही प्रत्येक प्रकारची चार-चार उघडून बघा : फोटो, गाणं, पत्र, टॅलीचा डेटा असेल तर टॅलीमध्ये कंपनी. एक्सपीवर आउटलुक एक्सप्रेस वापरत असाल तर मेल लपलेल्या ‘लोकल सेटिंग्ज’ फोल्डरात डीबीएक्स फाइलींत असतात, ते हमखास राहून जातात. सी ड्राइव्हशिवाय डी, ई भाग होते का तेही आठवा.

जुनी ड्राइव्ह लगेच भंगारात देऊ नका. मास्तरांची ड्राइव्ह मी सिलिका जेलची पुडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, वर कागद चिकटवला : नाव, तारीख, ‘सहा सेक्टर खराब, विजेला लावू नये’. ठशाची एक प्रत त्यांच्या लॅपटॉपवर आहे, दुसरी एका नव्या बाहेरच्या ड्राइव्हवर, आणि ती ड्राइव्ह मडगावला त्यांच्या मुलीकडे आहे. चवथीला मुलगी येईल तेव्हा घेऊन येणार आहे. तेव्हा ती लावून, दोन नाटकं उघडून बघायचं ठरलं आहे.